हसणारा कोण, हसवणारा कोण आणि हसू कोणावर?

मार्गशीर्षात माळेगावची जत्रा भरली की आमच्या नायगाव बाजारच्या पट्ट्यातून माणसं तिकडं निघतात. लोहा तालुक्यातलं हे खंडोबाचं गाव. दिवसा घोडे, उंट, गाढवं यांचा बाजार आणि रात्री तमाशाच्या कनाती. या जत्रेविषयी आणि एकूणच तमाशाविषयी एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "कनातीत सगळा गाव एकत्र बसून हसायचा, तिथं जातपात नव्हती." एखादं जुनं वगनाट्य नव्या संचात पुन्हा रंगमंचावर आलं की हेच वाक्य पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहाबाहेरही ऐकू येतं. लोक जुन्या आठवणींनी गहिवरतात आणि "तेव्हाची मजाच वेगळी" म्हणत घरी जातात.

मित्रांनो, हे वाक्य तपासून घ्यायला हवं. ज्या नांदेड जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या कनाती भरल्या, त्याच जिल्ह्यात २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाल्यावर बौद्ध आणि दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांचा निर्घृण खून झाला. एका कनातीत बसून रात्रभर हसलेली माणसंच सकाळी आपापल्या जातीत परत गेली होती. मग रात्रीचं ते हसू नेमकं कसलं होतं? हसणारा कोण, हसवणारा कोण आणि हसू कोणावर, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय तमाशाचा इतिहास कळत नाही. त्याच्या पुनरुज्जीवनाचं राजकारण तर अजिबातच कळत नाही.

आधी हसवणारा पाहू. गण, गौळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा क्रम. ढोलकी, हलगी, तुणतुणं, कडं ही त्याची वाद्यं. हा फड उभा राहिला तो मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजाच्या अंगमेहनतीवर. सोंगाड्या आमचा, ढोलकीवाला आमचा, नाचणारी बाई आमची. समोर बसून पैसे फेकणारा मात्र बहुतेक वेळा जमीनवाला. प्रेक्षकांची दाद म्हणजे टाळ्या असं नाटकात समजतात. तमाशात दादेचं एक वेगळं रूप होतं, दौलतजादा. नोट धरलेला हात पुढं यायचा आणि ती घ्यायला बाईला त्या हातापर्यंत जावं लागायचं. ही कलेला दिलेली दाद म्हणायची, की आपली सत्ता सगळ्या गावासमोर दाखवून घेणं?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा प्रसंग महाराष्ट्राला ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा आल्या, पडद्याआड बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. हा प्रसंग 'कलेवरची निष्ठा' म्हणून सांगितला जातो. मला त्यात निष्ठेआधी सक्ती दिसते. बाळंतिणीला विसावा मिळेल एवढीही सोय ज्या धंद्यात नव्हती, त्या धंद्याचा तो पुरावा आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या बाईचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली त्या वारल्या आणि नंतर राज्य सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

आता हसू कोणावर, हे पाहू. उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं घेऊ : 'गाढवाचं लग्न'. हरिभाऊ वडगावकरांचं हे वगनाट्य दादू इंदुरीकर यांनी सावळ्या कुंभार होऊन अजरामर केलं. समोर गंगीच्या भूमिकेत प्रभा शिवणेकर. पुढं प्रकाश इनामदारांनी, त्यानंतर मोहन जोशी आणि सविता मालपेकर यांनी ते पुन्हा रंगमंचावर आणलं. २००७ मध्ये मकरंद अनासपुरे यांचा चित्रपट आला. एकाच गोष्टीला इतक्या पिढ्यांचे प्रेक्षक लाभले.

गोष्ट अशी की स्वर्गातल्या एका गंधर्वाला शाप मिळतो आणि तो गाढव होऊन सावळ्या कुंभाराकडे येतो. हे बोलणारं गाढव राजकन्येशी लग्न करायचं म्हणतं आणि बिचारा सावळ्या राजाच्या दारी मागणी घालायला जातो. सावळ्या राजाला बोलण्यात असा काही गुंडाळतो की राजाचं राजेपण गळून पडतं. कनातीत पुढं मातीवर बसलेला माणूस इथं सावळ्याच्या बाजूनं हसत होता. रोज ज्यांच्यापुढं मान खाली घालायची, त्यांची फजिती पाहायला मिळणं ही काही लहान गोष्ट नव्हे. तेच नाटक नाट्यगृहात आलं, तिकिटाच्या खुर्च्या भरल्या आणि सावळ्याची भाषा, त्याचं दारू पिणं, त्याचा गावंढळपणा हाच विनोद झाला. संहिता तीच राहिली, पण हशाची दिशा फिरली. राजावर रोखलेलं हसू कुंभारावर येऊन पडलं.

पण थांबा, खोट संहितेतही आहे. लग्न अखेर लागतं ते कशामुळं? गाढव मूळचं गंधर्व निघतं म्हणून. कुंभाराच्या घरचं होतं तोवर ती मागणी हास्यास्पद होती. वरच्या जन्माचा दाखला मिळाला आणि मागणी मान्य झाली. म्हणजे राजाची दोन तास खिल्ली उडवून गोष्ट शेवटी जन्माचीच श्रेष्ठता मान्य करते! व्यवस्थेला असा विनोद चालतो. तो वाफ सोडतो, पण भांडं आहे तिथंच राहतं.

गंधर्व नसलेल्या मुलानं तीच मागणी केली तर काय होतं, हे नागराज मंजुळे यांनी 'सैराट'मध्ये दाखवलं. पारध्याचा पोरगा आणि पाटलाची पोरगी. गाण्यावर उठून नाचणारा प्रेक्षक शेवटच्या दृश्यात गप्प बसला आणि गप्पच बाहेर पडला. ती शांतता हीसुद्धा प्रेक्षकांची प्रतिक्रियाच होती, आणि कुठल्याही हशापेक्षा खरी होती.

तमाशाची दिशा बदलण्याचं काम मात्र सिनेमाच्या कितीतरी आधी झालं. आपल्याच माणसांनी ते केलं. जोतिरावांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहून नाटक हे शिक्षणाचं हत्यार केलं. पुढं सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. गणातून देवाची आळवणी गेली, कृष्णानं गौळणींना अडवण्याच्या जागी भटशाहीची झाडाझडती आली. त्याच वाटेनं आंबेडकरी जलसा आला.

इथं बाबासाहेबांची एक आठवण चळवळीत कायम सांगितली जाते. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्मानं ब्राह्मण. त्यांच्या फडाची कीर्ती झाली ती पवळा या महार समाजातल्या कलावंतीणीमुळं. बापूराव महाडच्या लढ्यासाठी देणगी देऊ लागले, तेव्हा आमच्या बायका नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी तो नाकारला. चळवळीला पैशाची चणचण होती तेव्हाची ही गोष्ट आहे. दौलतजादाच्या पैशाला मिळालेला तो ठाम नकार होता.

पण बाबासाहेबांनी ढोलकीला नकार दिला नाही. नाशिकच्या भीमराव कर्डकांचा जलसा वस्त्यावस्त्यांतून रात्र जागवू लागला. बतावणी राहिली, सवाल-जवाब राहिले, हसवणं तर राहिलंच. फरक इतकाच की आता हसू होतं भटावर, सावकारावर, नवसासायासावर आणि आपल्याच घरातल्या अंधश्रद्धेवर. नाचणारी बाई नव्हती, म्हणून नोटा धरलेले हातही नव्हते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह का, पोरं शाळेत का घालायची, हे अक्षरओळख नसलेल्या माणसाला हसता हसता कळत होतं. आपल्या भाषणांपेक्षा कर्डकांचा जलसा अधिक काम करतो, असं बाबासाहेब मानत, ही आठवणही आपल्याला ठाऊक आहे.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. महाराष्ट्रात प्रेक्षकांनी नाटक बदलायला लावल्याचं इतकं मोठं दुसरं उदाहरण मला तरी दिसत नाही. काल ज्यावर हसलो त्यावर आज हसणार नाही, हे एका अख्ख्या समाजानं ठरवलं. त्या निर्णयातून एक नवी रंगभूमी उभी राहिली. मात्र मराठी नाटकाच्या इतिहासात संगीत नाटकाला प्रकरणांमागून प्रकरणं मिळतात आणि जलसा एखाद्या परिच्छेदात आटोपतो.

हा प्रश्न आपल्याच देशापुरता नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. पुढं १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या प्रश्नांतलं साम्य मांडलं. हे साम्य रंगभूमीवरही सापडतं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करत आणि गोरा प्रेक्षक पोट धरून हसे. हसू कोणावर, याचं उत्तर तिथं तोंडावरच रंगवलेलं होतं.

१९२१ साली चार कृष्णवर्णीय कलावंतांनी न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर म्हणजे ब्रॉडवेवर एक संगीत विनोदी नाटक आणलं, 'शफल अलाँग'. लेखन फ्लॉर्नॉय मिलर आणि ऑब्री लाइल्स यांचं, गाणी नोबल सिसल आणि यूबी ब्लेक यांची. एका गावातल्या नगराध्यक्षाच्या निवडणुकीची ही धमाल गोष्ट. त्यात काळ्या नायक-नायिकेचं गंभीर प्रेमगीत होतं. काळ्या माणसाचं प्रेम गोऱ्या प्रेक्षकाला फक्त थट्टेच्या रूपातच चाले, म्हणून त्या गाण्याला लोक हुर्यो करतील अशी धास्ती होती. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. पाचशेहून अधिक प्रयोग झाले. एरवी वरच्या माडीत कोंबल्या जाणाऱ्या काळ्या प्रेक्षकांना इथं खालच्या मुख्य भागातही जागा मिळू लागली. तरीही मिलर आणि लाइल्स हे स्वतः काळे असून तोंडाला काळं फासूनच विनोद करत होते, कारण प्रेक्षकाला तीच सवय होती. आपल्या सोंगाड्याची अडचण याहून वेगळी नव्हती.

आता पुनरुज्जीवनाची गंमत पाहा. तेच नाटक १९३३ मध्ये आणलं, सतरा प्रयोगांत बंद पडलं. १९५२ मध्ये आणलं, चार प्रयोगांत गुंडाळलं. काळ बदलला होता, जुने विनोद तसेच कसे चालणार? मग २०१६ च्या एप्रिलमध्ये, आपल्याकडे 'सैराट' लागला त्याच आठवड्यात, दिग्दर्शक जॉर्ज वुल्फ यांनी ते पुन्हा आणलं. पण यावेळी त्यांनी जुनी थट्टा जशीच्या तशी मांडली नाही. ते नाटक कोणी उभं केलं, काय सोसून उभं केलं आणि नंतर जगानं त्या कलावंतांना कसं विसरून टाकलं, हीच नव्या नाटकाची गोष्ट झाली. प्रेक्षक नाचगाण्याला टाळ्या वाजवत होता आणि आपण कोणाला विसरलो हेही त्याला बघावं लागत होतं. त्या नाटकाला टोनी पुरस्काराची दहा नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही, आणि जुलैत ते बंद झालं. विसरल्याची आठवण करून देणं गल्ल्याला नेहमीच परवडतं असं नाही. पण जुनं नाटक पुन्हा कसं आणावं, याचा रस्ता त्यानं दाखवला.

आपल्याकडेही असा रस्ता निघालाय, आणि तो मराठवाड्यातून निघालाय. २०१२ साली 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. संकल्पना आणि गाणी शाहीर संभाजी भगत यांची, लेखन जालन्याकडच्या राजकुमार तांगडे यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. नट बरेचसे जालन्याच्या शेतकरी घरांतले. यमाच्या हाती आलेली शिवरायांची पगडी आणि ती नेमकी कोणाच्या डोक्यावर बसेल याचा शोध, असा लोकनाट्याचाच बाज. प्रेक्षक खळखळून हसत होता आणि हसता हसता शिवाजी महाराज कोणाचे, हा प्रश्न घरी घेऊन जात होता. इथं हसू पुन्हा सत्तेवर रोखलं गेलं आणि शेवटी कुणी गंधर्व निघाला नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. बाबासाहेबांनी बाई नाचवून मिळवलेला पैसा नाकारला. आपल्यातल्या शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या अनेकांनी मात्र ती बाईच नाकारली. आजी फडात होती हे सांगायची लाज वाटते, ढोलकी वाजवणाऱ्या आजोबांचा फोटो भिंतीवरून उतरतो. इज्जतीच्या या राजकारणाची किंमत तमाशातल्या दलित स्त्रीला कशी मोजावी लागली, हे शैलजा पाईक यांनी संशोधनातून मांडलंय. डॉ. रुस्तुम अचलखांब यांनी याच मराठवाड्यात 'गावकी' लिहिलं, तमाशाचा अभ्यास करून तो विद्यापीठात नेला. आपण त्यातलं किती वाचलंय? आणि १४ एप्रिलला डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या आपल्या पोरांना कर्डकांचं नाव तरी माहीत आहे का?

तमाशा सोडून द्या असं मी म्हणत नाही आणि त्याच्या आठवणीत गहिवरून बसा असंही म्हणत नाही. जुनं वगनाट्य पुन्हा लागलं तर जरूर जा, पण आपले तीन प्रश्न सोबत न्या. जिथं हसू खालच्यावर पडतंय तिथं हसू नका. शेजारचा विचारेलच, "हसला का नाहीत?" त्याला कारण सांगा. आणि येत्या जयंतीला एक तरी रात्र डीजे बंद ठेवून वस्तीत जलसा लावा. फडात राबलेल्या आपल्या म्हाताऱ्या कलावंतीणीला, ढोलकीवाल्याला समोर मानानं बसवा. आजवर ते हसवत आले, एकदा त्यांना हसताना पाहू द्या.

जय भीम!