गुंगीच्या गोळ्या नव्हेत

स्किझोफ्रेनियाच्या औषधांविषयी सुशिक्षित घरांतही एक मत पक्के रुजले आहे: या गोळ्या रुग्णाला नुसत्या गुंगीत ठेवतात, तेव्हा तो सावरला की त्या बंद कराव्यात. हे मत निराधार नाही. ओलान्झापिनने झोप येते, वजन वाढते. हॅलोपेरिडॉलने हातपाय ताठरतात. घरच्यांना रोज दिसते ते हेच. तरीही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

गुंगीनेच काम भागत असते, तर झोपेच्या औषधांनी ते केव्हाच केले असते. बार्बिट्युरेट्स विसाव्या शतकाच्या आरंभापासून वापरात होती. रुग्ण झोपे, उठला की भास आणि संशय होते तसेच. पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ डिले आणि डेनिकर यांनी 1952 मध्ये क्लोरप्रोमाझिन दिले, तेव्हा प्रथमच खुद्द भास ओसरू लागले. पुढे आलेले हॅलोपेरिडॉल तर त्याहून कमी झोप आणते आणि भासांवर तितकेच चालते. ही औषधे मेंदूतील डोपामिन या रसायनाचे डी-2 ग्राही (रिसेप्टर) अडवतात. साधारण 65 टक्के ग्राही अडले की गुण येऊ लागतो. 80 टक्क्यांपुढे ताठरपणा वाढतो. म्हणून आखडलेल्या रुग्णाची मात्रा तपासावी, गरजेप्रमाणे औषध बदलावे. त्यासाठी उपचार सोडण्याचे कारण नाही.

आता ‘सावरला की बंद’ याविषयी. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2012 साली 65 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. सुमारे वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी 27 टक्के, तर बंद केलेल्यांपैकी 64 टक्के रुग्णांचा आजार उलटला. औषध हळूहळू कमी केले म्हणून हा फरक मिटला नाही. उरलेले 36 टक्के औषधाविना टिकले, हेही खरे. पण ते कोण असतील हे आधी ओळखता येत नाही. म्हणूनच औषध थांबवायचे, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

विरोधकांचे एक म्हणणे मात्र मान्यच करायला हवे. भास गेले तरी हरवलेला उत्साह, तुटलेला संवाद या गोळ्यांनी फारसा परतत नाही; तिथे समुपदेशन, काम आणि माणसांची सोबत लागते. दोन औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे देऊनही गुण नसेल, तर क्लोझापिनचा विचार व्हायला हवा. 1988 च्या प्रसिद्ध चाचणीत अशा हट्टी आजाराच्या 30 टक्के रुग्णांना त्याने गुण आला. क्लोरप्रोमाझिनने अवघ्या 4 टक्क्यांना. पांढऱ्या पेशी घटण्याच्या धोक्यामुळे त्यासाठी नियमित रक्ततपासणी लागते. रक्त तपासण्याच्या कंटाळ्यापायी हे औषध नाकारणे हा रुग्णावर अन्यायच आहे.