मुक्कामाच्या तळावरील हलकी पादत्राणे: निवड आणि उपयोग

हिमालयातील पदभ्रमणाची तयारी करताना बूट, स्लीपिंग बॅग आणि पावसाळी कोट यांच्या निवडीवर बराच खल होतो. दिवसभराची चाल संपवून तळावर पोहोचल्यानंतर पायात काय घालावयाचे, हा प्रश्न मात्र बहुधा निघण्याच्या आदल्या रात्री उपस्थित होतो आणि घरातील जुनी हवाई चप्पल सॅकमध्ये कोंबून तो निकालात काढला जातो. तीन-चार हजार मीटर उंचीवरील मुक्कामासाठी ही निवड पुरेशी नाही.

चालण्याचे बूट पाऊस, ओढे, दव आणि घाम यांनी ओले होतात. त्याच बुटांत संध्याकाळही घालविल्यास पायाची त्वचा मऊ पडते, फोड येतात आणि बुटांनाही वाळण्यास अवधी मिळत नाही. ओलावा आणि थंडी तास न् तास एकत्र राहिल्यास तापमान शून्याखाली गेलेले नसतानाही पायांच्या नसांना व रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते. पहिल्या महायुद्धातील खंदकांत हजारो सैनिकांना जडलेला 'ट्रेंच फूट' हा विकार याच प्रकारचा होय. म्हणूनच दररोज संध्याकाळी पाय कोरडे करून, कोरडे लोकरी मोजे चढवून, वेगळी पादत्राणे घालणे ही चैन समजता येत नाही.

हिमाचल प्रदेशातील कुलू खोरे आणि लाहौल यांना जोडणाऱ्या हामटा खिंडीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सुमारे ४,२७० मीटर उंचीची ही खिंड ओलांडल्यावर शियागोरू येथे मुक्काम केला जातो आणि छत्रूकडे जाताना बर्फ वितळून वाहणारा प्रवाह पायी पार करावा लागतो. दिवस चढतो तसे बर्फ वितळून पाणी वाढते. त्यामुळे असे प्रवाह सकाळी लवकर, म्हणजे पाणी सर्वांत थंड असताना, ओलांडले जातात. बूट घालून उतरल्यास पुढचा सारा दिवस ओल्या बुटांत काढावा लागतो. अनवाणी उतरल्यास बधिर झालेल्या पायाला दगडाची धार लागल्याचेही कळत नाही. हवाई चप्पल तर प्रवाहात पहिल्या दोन पावलांतच पायातून निसटते. शिवाय अंगठ्याजवळच्या पट्ट्यामुळे तिच्यात साधे लोकरी मोजे नीट बसत नाहीत.

या दोन्ही गरजा बऱ्याच अंशी भागविणारा प्रकार म्हणजे मागे टाचेचा पट्टा असलेले फोमचे क्लॉग. ते सामान्यतः 'ईव्हीए' या फोमपासून बनविले जातात. त्यातील हवेच्या कप्प्या बंद असल्यामुळे फोम पाणी शोषत नाही आणि जमिनीचा गारवा तळपायापर्यंत पोहोचू देत नाही. साधारण मापाच्या जोडीचे वजन ३०० ते ४०० ग्रॅम भरते. दोष दोन आहेत. ओल्या खडकावर ते घसरतात आणि शेकोटीजवळ ठेवल्यास आकसून निकामी होतात. पट्ट्यांचे सँडल पाण्यात अधिक भरवशाचे असले, तरी बरेचदा क्लॉगपेक्षा पुष्कळ जड असतात. पिसे भरलेले मऊ बूट केवळ बर्फावरील कोरड्या, कडाक्याच्या थंडीच्या तळासाठी योग्य ठरतात. कुलू परिसरात भांगेच्या झाडाच्या तंतूंपासून विणले जाणारे 'पूला' हे पायताण हलके आणि उबदार असते. परंतु ते घरातील वापरासाठी आहे. चिखलात त्याची परीक्षा पाहू नये.

वजनाचा हिशेब करताना एक गोष्ट विसरली जाते. पायात घातलेले वजन पाठीवरील तेवढ्याच वजनापेक्षा कित्येक पटींनी अधिक दमविते, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. तळावरील पादत्राणे दिवसभर पाठीवरच असतात. त्यामुळे ती शंभर ग्रॅमने हलकी व्हावीत यासाठी दुप्पट किंमत मोजण्यापेक्षा चालण्याचे बूट हलके घेणे अधिक शहाणपणाचे. जे मुळातच जाळीदार, झटपट वाळणारे बूट वापरतात आणि ज्यांच्या मार्गावर प्रवाह नाही, ते एखाद्या रात्रीच्या मोहिमेत दुसरी जोडी वगळू शकतात.

खरेदी शक्यतो संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून करावी. उंचीवर पायांना सूज येण्याची शक्यता लक्षात घेऊन माप किंचित सैल असावे, मात्र टाचेचा पट्टा घट्ट बसला पाहिजे. दुकानातील चिठ्ठीवर विसंबण्यापेक्षा जोडी स्वयंपाकघरातील काट्यावर तोलून पाहावी. वाटेत ती सॅकबाहेर लोंबकळत ठेवल्यास झुडपांत अडकून एक पाय हरविण्याचा संभव असतो.

सह्याद्रीत गडावरील गुहेत किंवा देवळात मुक्काम करणाऱ्यांसाठीही क्लॉग उपयुक्त आहेत. तेथे विंचू-सापांचा वावर असल्यामुळे रात्री बाहेर पडताना पुढून बंद असलेले पादत्राण घालावे, घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकावे आणि विजेरी सोबत ठेवावी. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या उतरताना मात्र बूट ओले असले, तरी तेच घालावेत.