कानाकुरीची मधली वर्षं

शिझो कानाकुरीचं रील तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. १९१२च्या ऑलिम्पिक मॅरेथॉनमधून गायब झालेला जपानी धावपटू १९६७ साली, वयाच्या ७५व्या वर्षी, स्टॉकहोमला परत येतो आणि शर्यत पूर्ण करतो. वेळ: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं, २०.३ सेकंद. गोष्ट गोड आहे. पण गेल्या महिन्यात माझी हाफ मॅरेथॉन पार फसली. सोळाव्या किलोमीटरला चालायला लागलो, आणि नंतर पंधरा दिवस बूट कोपऱ्यात पडून. तेव्हा मला रीलमध्ये नसलेलंच जाणून घ्यायचं होतं. शर्यत सोडल्यावर या माणसानं केलं काय?

आधी त्याच्यावरचं ओझं बघा. जपानचं ते पहिलंच ऑलिम्पिक, आणि खेळाडू फक्त दोन. १९११च्या निवड शर्यतीत कानाकुरीनं २ तास ३२ मिनिटं ४५ सेकंद अशी वेळ दिली होती. रस्त्याचं अंतर नेमकं होतं का, यावर शंका आहेत, पण तेव्हा तो जागतिक विक्रमच मानला गेला. मग बोटीनं आणि सैबेरियातून रेल्वेनं दोन आठवड्यांहून लांबचा प्रवास. स्वीडनच्या उन्हाळ्यात रात्रीही उजेड, त्यामुळे झोप नाही. सोबतचे प्रशिक्षक आजारी. १४ जुलैला भर दुपारी, तिशी ओलांडलेल्या तापमानात शर्यत सुटली. पळणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे शेवटपर्यंत पोचलेच नाहीत. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. कानाकुरी २० वर्षांचा, पायात जपानी कापडी ताबी. साधारण २७ किलोमीटरवर तो संपला. रस्त्याकडेच्या एका कुटुंबानं त्याला बागेत बसवून सरबत दिलं. तो कुणालाच न सांगता परतला, म्हणून स्वीडनच्या लेखी बेपत्ता.

दुसऱ्या दिवशी त्यानं डायरीत आपली लाज लिहिली, आणि पुन्हा तयारी करायचंही लिहिलं. इथपर्यंत आपणही येतो हो! रेसनंतरच्या रात्री आपण काय काय ठरवत नाही. फरक पुढे आहे. त्यानं एकेक कारण हातात घेतलं. उन्हानं मारलं ना? मग उन्हाळ्यात तातेयामाच्या समुद्रकिनारी भर दुपारी पळायचं. ताबीत पाय सोलवटले? टोकियोतल्या ताबी शिवणाऱ्या दुकानदाराच्या मागे लागून तळ सुधारून घ्यायचे. ती रबरी तळाची 'कानाकुरी ताबी' पुढे खूप धावपटूंनी वापरली. १९५१ साली शिगेकी तानाका बोस्टन मॅरेथॉन जिंकला, तोही असेच फटीचे बूट घालून.

आणि मग १९१६चं बर्लिन ऑलिम्पिक महायुद्धात रद्द झालं. वय २५, ऐन भरातलं. मला वाटतं, खरी परीक्षा ही होती. स्टॉकहोमला निदान चूक तरी शोधता येत होती, इथे काय शोधणार? त्या काळात तो शिकवायला लागला आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंची पिढीच घडवायच्या मागे लागला. फेब्रुवारी १९२०मध्ये त्याच्या पुढाकारानं चार महाविद्यालयांचे संघ टोकियो ते हाकोने आणि परत असे टप्प्याटप्प्यानं धावले. तीच हाकोने एकिडेन. आज दर २ आणि ३ जानेवारीला अख्खं जपान ती टीव्हीवर बघतं.

त्याच वर्षी अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये तो १६वा आला. पदक नाही, पण शर्यत पूर्ण. आणि ऐका, १९वा कोण होता? आपला बेळगावचा फडेप्पा चौगुले! वेळ २ तास ५० मिनिटं. दोघं एकाच रस्त्यावर, तीन जागांच्या अंतरानं. १९२४ला पॅरिसमध्ये कानाकुरीनं पुन्हा अर्ध्यात सोडली. ते रीलमध्ये कुणी सांगत नाही.

माझ्या वहीत सध्या तीनच ओळी आहेत: पहिले पाच किलोमीटर उगाच जोरात पळालो, पाणी उशिरा घेतलं, लाँग रन कायम पहाटेच्या गारव्यात केले. म्हणून या रविवारी साडेआठला, उन्हात निघतोय. पाण्याची बाटली घेऊन, अगदी हळू. कुणी येतंय का?