गाईला ज्वारी घालावी, मका की गहू? धान्य बदललं की दुधाची फॅट का बदलते?

लग्नसराईत मांडवातला उरलेला भात आणि पोळ्या गावाकडे बऱ्याचदा गाईच्या गव्हाणीत जातात. अन्न वाया जाऊ नये, हा हेतू. पण हाच भात गाईच्या जिवावर बेतू शकतो. जून २०२४ मध्ये केरळच्या कोल्लम जिल्ह्यात परोटा आणि फणस जास्त खाल्ल्याने एकाच गोठ्यातल्या पाच गाई दगावल्या होत्या.

असं का होतं?

गाईच्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. ते चारा कुजवतात आणि त्यातून गाईला ऊर्जा मिळते. या पोटाचा सामू साधारण ६ ते ७ असतो. एकदम जास्त पिष्ट पोटात गेलं की आम्ल वेगाने तयार होतं आणि सामू साडेपाचच्या खाली घसरतो. यालाच अॅसिडोसिस म्हणतात.

कोणतं धान्य कसं वागतं?

गहू पोटात सर्वांत वेगाने आंबतो, म्हणून तो जास्त धोक्याचा. मका त्यापेक्षा सावकाश पचतो. ज्वारीच्या दाण्यातलं पिष्ट प्रथिनांच्या घट्ट जाळ्यात असतं, त्यामुळे ती आणखी हळू पचते. मात्र ज्वारी अख्खी घातली तर दाणे शेणातून तसेच बाहेर पडतात. म्हणून भरडा करायचा, पीठ नाही. बारीक पीठ आणि शिजवलेलं धान्य जास्त लवकर आंबतं.

फॅटशी काय संबंध?

चाऱ्यातल्या तंतूपासून जे आम्ल बनतं, त्यातून दुधातली फॅट तयार होते. धान्यातल्या पिष्टामुळे दुधाचं प्रमाण वाढतं. पण धान्य वाढवून वैरण कमी केली की फॅट पडते. गाईच्या दुधाचा दर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. म्हणजे लिटर वाढले तरी दर कापला जाऊ शकतो.

वडवणीसारख्या दुष्काळी भागात कडबा महागला की भरड्यावर भागवण्याचा मोह होतो. नुकसान नेमकं तिथेच होतं.

मग किती घालायचं?

सर्वसाधारण हिशोब असा: शरीर पोषणासाठी एक ते दीड किलो खुराक आणि त्याशिवाय दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. हा सगळा खुराक म्हणजे धान्य नव्हे. त्यात धान्याचा भरडा ३० ते ४० टक्के, बाकी पेंड, चुनी, कोंडा, क्षार मिश्रण आणि मीठ. दिवसाचा खुराक दोन-तीन वेळा विभागून द्यावा. धान्य बदलायचं असेल तर दहा-पंधरा दिवसांत हळूहळू बदलावं.

बुरशी लागलेला मका चालतो का?

अजिबात नाही. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष दुधात उतरतं आणि दूध उकळलं तरी जात नाही. म्हणजे हा प्रश्न फक्त गोठ्याचा नाही, आपल्या चहाच्या कपाचाही आहे.

धोका कसा ओळखायचा?

गाय रवंथ करायची थांबली, शेण पातळ आणि आंबूस झालं, दूध अचानक घटलं किंवा ती लंगडू लागली, तर खुराक लगेच थांबवा आणि सुकी वैरण ठेवा. पशुवैद्यकाला बोलवायला उशीर करू नका, कारण तीव्र अॅसिडोसिसमध्ये एक-दोन दिवसांतही गाय दगावू शकते.