शिरोरेखेपासून मोजलेली पट्टी

वसईतल्या पाचूबंदरच्या किनाऱ्यावर बोंबील वाळवायच्या वलांडी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना देवनागरीची शिरोरेखा वेगळी समजावून सांगायला नको. आडव्या दोरीवर जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या टांगलेल्या असतात. दोरी एका पातळीत, मासळी मात्र कुठे लांब, कुठे आखूड. आपली अक्षरेही अशीच रेषेला टांगलेली असतात. रोमन अक्षरे खालच्या रेषेवर उभी राहतात. हा एक भेद लक्षात ठेवला, की या विषयातले निम्मे प्रश्न उलगडतात.

विषय दिसायला लहान आहे. मथळ्यामागे रंगाची पट्टी घालायची आणि तिचे कोपरे गोल करायचे. वसईच्या किनारपट्टीत लग्नपत्रिका, सणांचे कार्यक्रम, सोसायट्यांचे अहवाल आणि गावकीची स्मरणिका हे सारे संगणकावर जुळवणारी तरुण मुले-मुली हे काम रोज करतात. त्यांच्या हाती देवनागरीच्या अंगाने विचार केलेले काहीतरी असावे, म्हणून या धड्यांचा खटाटोप.

खिळ्यांच्या छपाईत रंगीत पट्टीवर पांढरी अक्षरे हवी असतील तर वेगळा ब्लॉक करून घ्यावा लागे. खर्च मोठा, त्यामुळे अशी पट्टी मोजक्याच जागी दिसे. 1985 मध्ये अल्डस कंपनीचे पेजमेकर हे पानजुळणीचे सॉफ्टवेअर आले आणि गोल कोपऱ्यांचा चौकोन कोणालाही काढता येऊ लागला. पण तो चौकोन मजकुरापासून सुटा असे. वर दोन ओळी वाढल्या, की मथळा खाली सरके आणि पट्टी जागीच राही. एका वार्षिक अहवालात अशा पोरक्या पट्ट्या तशाच छापून गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि ते पान अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

म्हणून पट्टी ही चित्र न राहता मथळ्याचाच गुण व्हायला हवी होती. काही काळ लोकांनी युक्तीने भागवले: अधोरेखा अक्षराच्या उंचीहून जाड करायची, तिची टोके गोल ठेवायची आणि ती वर सरकवून मजकुरामागे आणायची. इनडिझाइन या पानजुळणीच्याच सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला रंगछटा देण्याची सोय 2015 च्या आवृत्तीत आली. पुढे तिचे कोपरेही गोल करता येऊ लागले. आता पट्टी परिच्छेदाच्या शैलीतच बांधली जाते. मथळा जाईल तिथे पट्टी जाते, आणि शंभर मथळ्यांचा रंग एका जागी बदलता येतो.

सोय झाली, पण माप परकेच राहिले. पट्टीची वरची कड सॉफ्टवेअर अक्षरसंचाने घोषित केलेल्या उंचीवरून ठरवते. देवनागरीच्या संचात ही उंची वेलांट्या, मात्रा आणि रफार मावतील अशी ठेवलेली असते, आणि ती संचागणिक बदलते. ‘पाचूबंदर’ लिहून पाहा. शिरोरेखेच्या वर फक्त एक अनुस्वार, खाली चू चा उकार. सगळा भार खाली येतो आणि शब्द पट्टीत बुडाल्यासारखा दिसतो. ‘किल्ला’ लिहा: खाली काही नाही, वर वेलांटी. ‘मूर्ती’ वर-खाली दोन्हीकडे पसरते. ‘नायगाव’ला वरही काही नाही आणि खालीही नाही. चार मथळे, एकच शैली, आणि चारही वेगवेगळ्या उंचीवर बसल्याचा भास.

यावर माझा उपाय ठाम आहे. शिरोरेखा आणि अक्षराचा पाय यांच्या मधोमध पट्टीचा मध्य आणावा आणि वर-खालची वाढीव जागा तेवढ्यासाठी कमी-जास्त करावी. मात्रा-उकार त्या जागेत मावले पाहिजेत, पण मध्य त्यांच्यामुळे हलता कामा नये. नजर शिरोरेखेला धरून वाचते. तिची पातळी पट्टीत स्थिर असेल तर उकार खाली उतरल्याचा त्रास होत नाही.

कोपऱ्याची त्रिज्या पट्टीच्या उंचीच्या निम्मी घेतली, की दोन्ही टोके पूर्ण अर्धवर्तुळे होतात. एका ओळीच्या मथळ्याला हे शोभते. तोच मथळा दोन ओळींचा झाल्यावर त्रिज्याही वाढवली तर पट्टीचा फुगा होतो. तेव्हा त्रिज्या एका ओळीच्या मापावरच ठेवावी. टोकांशी जागा सोडतानाही शेवटचे अक्षर पाहावे. कान्याने संपणारा शब्द सरळ भिंतीसारखा थांबतो, ‘क’ने संपणारा गोलाईत, आणि शिरोरेखेचे टोक वर्तुळाच्या कडेला टेकले तर शब्द अडकल्यासारखा वाटतो.

एक चूक फार दिसते. पट्टी भरावी म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवतात. रोमनमध्ये ते चालते. देवनागरीत शिरोरेखा तुटते आणि शब्दाची अक्षरे सुटी होतात. असे कधीही करू नये. पट्टीच आखूड करावी. गडद पट्टीवर पांढरी अक्षरे घेताना जाड वळणाचा संच निवडावा, कारण छपाईत शाई पसरते आणि ‘ध’, ‘भ’ यांच्या गाठी व अनुस्वार बुजतात. पट्टीचा रंग शक्यतो एकाच शाईचा असावा. चार शाया किंचित सरकल्या, तरी बारीक मात्रा रंगीत होते.

या क्षेत्रात येणाऱ्याला आधार आहे. बापूराव नाईक यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा तीन खंडांचा ग्रंथ 1971 मध्ये निघाला. विंडोजमधला ‘मंगल’ संच घडवणारे र. कृ. जोशी सुलेखनातून संगणकाकडे आले होते. देवनागरीचे माप तिच्या स्वतःच्या वळणातून काढायचे, हे या परंपरेकडून शिकावे.

पहिला धडा उघडण्यापूर्वी एवढे करा. आपल्या गावाचे नाव 24 पॉइंटात जुळवा, मागे गोल टोकांची पट्टी घाला, कागदावर छापून घ्या. मग मोजपट्टी व पेन्सिल घेऊन शिरोरेखेपासून वरची कड आणि अक्षराच्या पायापासून खालची कड किती दूर आहे, ते मोजा. हे दोन आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. त्या धड्यात ते लागणार आहेत.