सर्वसामान्य मानसिक आजार : ओळख आणि उपचार

मनाचा आजार ओपीडीत बहुतेक वेळा शरीराची तक्रार घेऊन येतो. "छातीत धडधडतं", "अंगात त्राण नाही", "डोकं जड राहतं", असे रुग्ण सांगतो. रक्त, ईसीजी, एक्स-रे सगळे नॉर्मल येते, टॉनिक लिहून दिले जाते आणि आजार तसाच राहतो. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार आढळला आणि त्यातील बहुतेकांना उपचार मिळालेले नव्हते. एमबीबीएस आणि नर्सिंग करणाऱ्या आपल्या तरुण-तरुणींसाठी, तसेच वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत.

नैराश्य (डिप्रेशन)

प्रत्येक रुग्णाला दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत मन सतत उदास होते का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? एकाचेही उत्तर "हो" आले तर पुढे विचारा : झोप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचालीतील मंदपणा किंवा अस्वस्थता, स्वतःला कमी लेखणे, मरणाचे विचार. अशा नऊपैकी पाच लक्षणे, त्यात पहिल्या दोनपैकी एक, दोन आठवडे टिकली आणि कामावर परिणाम झाला तर निदान पक्के होते. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या.

सौम्य आजारात समुपदेशन आणि नियमित व्यायाम उपयोगी पडतो. मध्यम किंवा तीव्र आजारात एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन यांपैकी एक औषध देतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर रुग्ण आठवड्यात गोळी सोडतो. बरे वाटल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवायचे असते. पंचविशीच्या आतल्या रुग्णाला सुरुवातीचे काही आठवडे लवकर लवकर तपासा.

चिंतेचे आजार

सहा महिने सतत नाना गोष्टींची काळजी, स्नायूंचा ताण, चिडचिड आणि अपुरी झोप असेल तर ती सार्वत्रिक चिंता. अचानक धडधड, घाम, श्वास कोंडणे, "आता मी मरतो" असे वाटणे आणि ते काही मिनिटांत टोकाला जाणे हा पॅनिक अटॅक. मात्र आधी हृदयविकार नाही याची खात्री करा. वरचीच औषधे आणि वर्तनोपचार येथेही लागू पडतात. अल्प्राझोलॅमसारख्या झोपेच्या गोळ्या मोजकेच दिवस द्याव्यात, कारण त्यांची सवय लागते.

सायकोसिस आणि बायपोलर

कोणी नसताना आवाज ऐकू येणे, लोक आपल्याविरुद्ध कट करतात असा ठाम समज, असंबद्ध बोलणे ही सायकोसिसची लक्षणे. घरचे याला "बाहेरची बाधा" म्हणतात आणि मांत्रिकाकडे जाण्यात महिने जातात. उपचार जितका लांबतो तितका आजार बरा व्हायला अवघड जातो. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही नेहमीची औषधे. वजन, साखर आणि हातापायांचा ताठरपणा यांवर लक्ष ठेवावे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

झोप न घेताही अफाट उत्साह, मोठमोठ्या गोष्टी आणि पैशांची उधळपट्टी आठवडाभर चालली तर तो उन्माद. नैराश्याची गोळी लिहिण्यापूर्वी असा काळ कधी येऊन गेला का, हे विचारलेच पाहिजे, कारण बायपोलर रुग्णात ती एकटी गोळी उन्माद भडकवू शकते. लिथियमवर असलेल्या रुग्णाची रक्तातील पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासत राहावे लागते.

दारू

रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो. हे जिवावर बेतते. म्हणून "सोडून दे" एवढे सांगून घरी पाठवू नका, वैद्यकीय देखरेखीखाली सोडवा. ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन द्या.

आत्महत्येचा विचार

"मरून जावेसे वाटते का?" असे थेट विचारल्याने विचार बळावत नाही, उलट माणूस मोकळा होतो. योजना ठरली असेल तर त्याला एकटे सोडू नका, कीटकनाशक आणि गोळ्या दूर ठेवा, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. टेलि-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत असून २४ तास चालतो.

हक्क

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा त्यानुसार प्रत्येकाचा हक्क आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे हा कायदा गृहीत धरतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार ओपीडी असते. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

विद्यार्थ्यांनो, स्वतःकडेही पाहा

घरातले पहिले डॉक्टर होण्याचे ओझे, इंग्रजीची अडचण, कोट्यावरून ऐकावे लागणारे टोमणे यांनी होस्टेलमधला मित्र खचतो तेव्हा तो मेसला येणे बंद करतो, फोन उचलत नाही, पेपर बुडवतो. त्याला आळशी म्हणू नका. वरचे दोन प्रश्न विचारा आणि त्याच्यासोबत ओपीडीत जा. छळ होत असेल तर उपचाराबरोबर लेखी तक्रारही करा. गोळीने आजार बरा होतो, अन्याय थांबत नाही. दोन्ही कामे आपल्यालाच करायची आहेत.