गळ्यामागची गाठ

आजचा धागा धाग्याविषयीच आहे. दागिन्याविषयी आहे असे म्हटले तरी चालेल. पण दागिन्याच्या अशा भागाविषयी, जो आरशात कधी दिसत नाही.

रोह्याच्या घरी आजीची ठुशी एका पितळी डब्यात असे. सोन्याचे बारीक मणी दाट गुंफलेले, दोन्ही टोकांना लाल रेशमी दोरी, दोरीवर सरकणारी गाठ आणि शेवटी गोंडा. ती ताईला द्यायचे ठरले तेव्हा दोरी मळकट व विरलेली वाटली, म्हणून मीच ठुशी पेणला एका कारागिराकडे नेली आणि दोरी काढून पक्का फासा बसवायला सांगितले. दागिना लखलखीत होऊन परत आला. जुनी दोरी आणि गोंडा मात्र तिथल्या केरात गेला. तो परत मागावा हे मला सुचलेही नाही. इतिहासाच्या विद्यार्थिनीने हे करावे! फासा ताईच्या मापाने बसला आहे. आईच्या गळ्याला ठुशी आता दोन बोटे कमी पडते.

तेव्हापासून मी जुने दागिने मागच्या बाजूने पाहू लागले, आणि लक्षात आले की मागची बाजू आपल्याला कोणी दाखवतच नाही.

आमच्या परिसरातलेच उदाहरण घ्या. रोह्याच्या दक्षिणेला, तळे तालुक्यात, मांदाडच्या खाडीजवळ कुडा येथे २६ बौद्ध लेणी आहेत. बहुतेक लेणी इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतली. सहाव्या लेण्यात दगडात कोरलेली स्त्री-पुरुषांची युगुले आहेत. अंगावर दागिने भरपूर आहेत. पण आकृती भिंतीला पाठ लावून उभ्या असल्याने त्यांच्या मानेमागे काय होते, आकडा की गाठ, हे दगड सांगत नाही. गंमत म्हणजे कुड्याच्या दानलेखांत लेखक, श्रेष्ठी, वैद्य यांच्या जोडीने एक मालाकारही भेटतो. फुले ओवून टोकांना गाठ मारणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याचे नाव दगडावर टिकले. त्याची गाठ नाही टिकली.

(पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतही हेच दिसते. शाडूच्या मूर्तीच्या गळ्यातला घडवलेला हार मातीचाच असतो. त्याला फासा लागत नाही, कारण तो कधी काढायचाच नसतो.)

शिल्पाने जे लपवले ते उत्खननाने थोडेफार उघड केले आहे. मोहेंजोदडोच्या दागिन्यांत अर्धवर्तुळाकार टोके सापडतात. त्यांच्या सरळ बाजूला ओळीने पाच-सहा भोके असतात, तर वक्र बाजूला एकच. म्हणजे हाराचे अनेक पदर आत शिरत आणि बाहेर एकच दोरा निघे. तो मानेमागे बांधला जाई. दोरा कुजून गेला, तरी किती पदर होते हे भोके मोजून आजही सांगता येते. (फाळणीनंतर तिथला एक हार आणि एक कंबरपट्टा भारत व पाकिस्तान यांच्यात अर्धा-अर्धा वाटला गेला. दोरा नसला की दागिना किती सहज दुभंगतो!)

महाराष्ट्रात तर दोरा प्रत्यक्षही सापडला आहे. प्रवरेकाठच्या नेवाशाला ह. धी. सांकलिया आणि सहकाऱ्यांनी ताम्रपाषाणयुगीन वस्ती उकरली. तिथे पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याचे मणी होते. तांब्याच्या क्षारांमुळे मण्यांच्या आतला दोरा कुजला नाही. ए. एन. गुलाटी यांनी तो तपासला. कापूस आणि रेशीम असा त्यांचा निष्कर्ष १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीला अशाच मण्यांत जवसाच्या तंतूंचा दोरा निघाला. काळ इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकाचा. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी त्या मुलाच्या मानेमागे हा दोरा बांधला होता. हा तपशील वाचताना मला डब्यातली लाल दोरी आठवते आणि पुढचे पान उलटवत नाही.

आता प्रश्न असा: सोनाराला आकडा, कडी, मळसूत्र सारे येत असताना ठुशी, चिंचपेटी, पुतळ्यांची माळ यांना रेशमी दोरीच का राहिली? सोन्याची बचत हे अर्धेच उत्तर आहे. कुड्यांना फिरकी आली, तोड्यांना मळसूत्री पेच आला, म्हणजे कसब कमी नव्हते. गळ्यासाठी दोरी राहिली कारण ती बांधणारा वेगळा होता. सोने घडवणारा सोनार. ते रेशमात गाठवणारा, गोंडे वळणारा पटवेकरी. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात पटवेकऱ्यांची स्वतंत्र नोंद आहे. दागिना जुना झाला की सोनाराकडे नव्हे, पटवेकऱ्याकडे जाई. तो रेशीम बदली आणि सोन्याला हात न लावता दागिना पुन्हा नवा होई.

आणि सरकत्या गाठीला माप नसते. सोळाव्या वर्षी लग्नात घातलेली ठुशी चाळिशीतही बसते, आणि पुढे लेकीला, सुनेलाही बसते. गाठ वरखाली केली की झाले. पिढ्यानुपिढ्या हातबदल होणाऱ्या वस्तूला याहून योग्य बंधन मला तरी माहीत नाही.

इथे तुमच्यापैकी हाताने दागिने करणारे विचारतील की मग टॉगलचे काय? हल्ली घरगुती माळांना सर्रास दिसणारा तो प्रकार: एका टोकाला कडी, दुसऱ्या टोकाला दांडी, दांडी उभी करून कडीतून घालायची आणि आडवी सोडायची. हे परदेशी खूळ आहे असे समजू नका. कोकणातल्या कुठल्याही जुन्या गोठ्यात गुरांच्या दाव्याचे बिरडे पाहा: एका टोकाला फास, दुसऱ्या टोकाला त्यात अडकणारी गाठ किंवा लाकडाची खुंटी. तत्त्व तेच. जपानी लोक किमोनोच्या पट्ट्यात अडकवण्यासाठी कोरीव खुंट्या करत, त्यांना नेत्सुके म्हणतात. आणि एकोणिसाव्या शतकात खिशातल्या घड्याळाच्या साखळीला जी आडवी दांडी असे, ती जाकिटाच्या काजातून आत जाऊन आडवी बसे. राणी व्हिक्टोरियाच्या पतीवरून त्या साखळीला अल्बर्ट असे नाव पडले. मुंबईतल्या जुन्या छायाचित्रांत पागोटे आणि कोट घातलेल्या गृहस्थांच्या पोटावर ती लोंबताना दिसते. गोठ्यातले बिरडे आणि साहेबी साखळी एकाच युक्तीवर चालत होती, हे त्या गृहस्थांना सांगितले असते तर रुचले नसते.

मी स्वतः तार वाकवून असे तीन फासे केले. पहिले दोन फसले, आणि का फसले ते सांगण्यासारखे आहे.

पहिल्यात दांडी कडीच्या व्यासापेक्षा जेमतेम मोठी होती. मान वळवताच ती तिरकी होऊन निसटली. कडीचा आतला व्यास १२ मिलिमीटर असेल तर दांडी १८ ते २० मिलिमीटर हवी, म्हणजे दोन्ही बाजूंना पुरेसे टोक अडकते. दुसऱ्यात दांडी बरोबर होती, पण तिला लागूनच मोठा मणी ओवला होता. दांडी कडीतून जाताना साखळीला समांतर झोपते; म्हणून मधल्या सांध्यापासून निदान अर्ध्या दांडीइतके अंतर बारीक कड्यांचे लागते, नाहीतर मणी कडीच्या तोंडाशी अडतो आणि दांडी आत जात नाही. तिसऱ्यात तेवढ्या बारीक कड्या जोडल्या आणि तो बसला.

बसला, पण लांब माळेला. ठुशीच्या मापाच्या माळेला लावला तेव्हा पुन्हा निसटू लागला. कारण उघड आहे. दांडीला आडवे धरून ठेवतो तो ताण, आणि लांब माळेत तो ताण तिच्या वजनाने येतो. ठुशी लोंबत नाही, गळ्याशी बसते. ती घट्ट केली तर गळा आवळतो; सैल केली तर ताण जातो आणि दांडी उभी होते. सरकती गाठ मात्र वजनावर अवलंबून नाही. दोरी दोरीला घासते तेवढ्यावर ती जागच्या जागी राहते.

म्हणून फासा हा दागिन्याचा शेवटी जोडायचा तुकडा नव्हे असे माझे मत झाले आहे. जुन्या कारागिरांनी आधी विचार केला असणार की हे कुठे बसणार, किती लोंबणार, कोणकोण घालणार. आणि मग सोने तोलले असणार.

संग्रहालयांतल्या पाट्यांवर धातू आणि शतक असते. दागिना कशाने बांधला जाई, हे क्वचितच. तुमच्या घरी दोरीचा जुना दागिना असेल तर दुरुस्तीला देण्याआधी त्याचे मागून छायाचित्र काढा: गाठ कशी आहे, रेशमाचा रंग कोणता, गोंड्यात जर आहे का. आणि काढलेली दोरी परत मागा. कारागीर हसेल, पण देईल.

गेल्या महिन्यात दिवा–रोहा गाडीने पेणला उतरले, ठुशी बरोबर होती. या वेळी रेशमी दोरी ओवून देणारे हात शोधायला गेले होते. दोन दुकानांत सांगितले की आता तयार दोऱ्या बाजारातूनच येतात. तिसऱ्या ठिकाणी एका वयस्क बाईंनी ठुशी हातात घेतली, उलटी केली, फाशाकडे पाहून म्हणाल्या, "हा कोणी बसवला?" मी सांगितले, माझ्याच सांगण्यावरून. त्यांनी रंग विचारला. मी लाल म्हटले. पुढच्या मंगळवारी बोलावले आहे.